पंचाचा शब्द आणि पक्षपाताचा आरोप

दि. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे विश्वचषक स्पर्धेच्या पात्रता-फेरीत भारत आणि कतार यांचा सामना झाला. लालियनझुआला छांगटे याने ३७ व्या मिनिटास केलेल्या गोलामुळे भारत आघाडीवर होता. ७३ व्या मिनिटास कतारच्या एका खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अडविला. तो गोलखांबाजवळून अंत्यरेषेपलीकडे गेला. तेथून तो पायाने मागे ओढण्यात आला आणि युसूफ आयमेन याने जाळ्यात धाडला. कोरियाच्या पंचांनी गोल मान्य केला. त्या फेरीत चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची सोय नव्हती. पुढे कतारने आणखी एक गोल केला, भारत १-२ असा हरला आणि पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत जाण्याची त्याची संधी हुकली. भारतीय फुटबॉल महासंघाने तक्रार नोंदवून चौकशीची मागणी केली; निकाल मात्र कायम राहिला.

चेंडू रेषेपलीकडे गेला होता हे चित्रफितीत दिसते आणि त्याविषयी फारसे दुमत नाही. परंतु त्या रात्रीपासून आपल्याकडे जे बोलले गेले, त्यात दोन भिन्न विधाने एकमेकांत मिसळून गेलेली आढळतात. ‘पंच चुकला’ हे एक आणि ‘पंचाने पक्षपात केला’ हे दुसरे. पहिले विधान चेंडूविषयी आहे. दुसरे पंचाच्या मनाविषयी आहे. पहिल्याला पुरावा आहे म्हणून दुसऱ्यालाही तो आहे असे आपण गृहीत धरतो, आणि आपला संघ हरलेला असला म्हणजे हे गृहीत धरणे अधिकच सोपे जाते. या दोन विधानांमध्ये नेमके किती अंतर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने या मैदानात का उतरावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतकेच की, पंचाचा निर्णय ही मूलतः एक उक्ती आहे, मग ती शिटीने उच्चारलेली असो, हाताच्या खुणेने असो वा शब्दाने असो. आणि फुटबॉलमधील मोठमोठे तंटे हे पुष्कळदा त्या उक्तीच्या स्वरूपातूनच उद्भवलेले आहेत.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘पंच’ हा आपला शब्द संख्यावाचक आहे. गावच्या तंट्यात पाच जण बसून निवाडा करीत, त्यावरून तो व्यक्तीला लागला. ‘पंचामुखी परमेश्वर’ ही म्हण त्याच काळाची खूण आहे. इंग्रजीतील ‘रेफरी’ या शब्दाचा मूलार्थ निराळा आहे: ज्याच्याकडे वाद सोपविला जातो तो. फुटबॉलच्या आरंभीच्या काळात वस्तुस्थिती अशीच होती. प्रत्येक संघ आपापला एक ‘अंपायर’ आणीत असे. दोघांचे पटले नाही तर बाहेर उभ्या असलेल्या रेफरीकडे वाद जाई. १८९१ मध्ये ही रीत बदलली. रेफरी मैदानात आला, निर्णयाचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती गेला आणि अंपायरांचे रेषापंच झाले. म्हणजे ज्या खेळात प्रारंभी पक्षपात हा उघड, मान्य आणि दोन्ही बाजूंनी समतोल असा होता, त्यात १८९१ नंतर एका माणसाने निःपक्ष असावे अशी अपेक्षा निर्माण झाली. ‘पक्षपात’ या संस्कृत शब्दात ‘पक्ष’ म्हणजे बाजू आणि ‘पात’ म्हणजे पडणे. एखाद्या बाजूकडे कलणे हा आरोप तेव्हाच करता येतो, जेव्हा माणसाने मध्यभागी उभे राहावे असे आधी ठरलेले असते.

आता त्या उक्तीच्या स्वरूपाकडे वळू. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, ज्यांच्या उच्चारानेच एखादी गोष्ट घडते अशा उक्तींचा विचार केला आहे. त्यांपैकी निवाड्याच्या उक्तींचा त्यांनी एक स्वतंत्र वर्ग केला आणि त्यात पंचाच्या निर्णयाचाही अंतर्भाव केला. या वर्गाचे वैशिष्ट्य असे की ती उक्ती दोन्हीकडे पाय ठेवून उभी असते. पंचाने ‘गोल’ म्हटले की गुण वाढतो, म्हणून ती घडविणारी उक्ती होय. पण ती वस्तुस्थितीविषयी काही सांगतही असते, म्हणून ती बरोबर किंवा चूक असू शकते. याच मुद्द्यावर विधितत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९६१ मध्ये एक सुरेख भेद दाखविला. गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो, याचा अर्थ ‘गुणलेखक म्हणेल तोच गुण’ असा नव्हे. तसा तो झाला, तर मूळ खेळ उरतच नाही. गुणलेखकाच्या मर्जीचा एक दुसराच खेळ सुरू होतो. फुटबॉलच्या नियमांतील पाचवा नियम हा भेद आपल्या परीने पाळतो. खेळाशी निगडित वस्तुस्थितीविषयी पंचाचा निर्णय अंतिम आहे, असे तो सांगतो. निर्णय नियमांना आणि खेळाच्या वृत्तीला धरून असावा असेही सांगतो. आणि तो पंचाच्या मतावर आधारलेला असेल हेही मान्य करतो. शिवाय खेळ पुन्हा सुरू झाल्यावर निर्णय बदलता येत नाही. दोहा येथे मध्यरेषेवरून चेंडू पुन्हा खेळात आला त्या क्षणी चूक ही चूकच राहिली, पण गोल मात्र गोल झाला. अंतिमता आणि यथार्थता यांच्यामधल्या या फटीतूनच पक्षपाताचा आरोप वाट काढीत वर येतो.

या फटीचे सर्वांत बोलके उदाहरण १९६६ सालच्या इंग्लंडमधील विश्वचषक स्पर्धेत सापडते. तेथे थोडे थांबणे आवश्यक आहे. दि. २३ जुलै रोजी उपउपांत्य फेरीचे सामने झाले. वेम्बली येथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या सामन्यास पंच होते पश्चिम जर्मनीचे रुडॉल्फ क्राइटलाइन. त्याच दिवशी शेफील्ड येथे पश्चिम जर्मनी आणि उरुग्वे यांच्या सामन्यास पंच होते इंग्लंडचे जिम फिनी. वेम्बलीवर पस्तिसाव्या मिनिटास अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनियो रात्तीन याला बाहेर काढण्यात आले. शेफील्ड येथे उरुग्वेच्या दोन खेळाडूंना, ओरासिओ त्रोचे व हेक्तोर सिल्वा यांना, बाहेर जावे लागले. इंग्लंड १-० आणि पश्चिम जर्मनी ४-० असे जिंकले. इंग्लंडच्या सामन्यास जर्मन पंच आणि जर्मनीच्या सामन्यास इंग्लिश पंच! दक्षिण अमेरिकेत याचा जो अर्थ लावला गेला तो सांगण्याची गरज नाही. आजही तिकडील क्रीडारसिकांत तो अर्थ जिवंत आहे.

पण वेम्बलीवर त्या दुपारी प्रत्यक्षात काय घडले? क्राइटलाइन यांना स्पॅनिश येत नव्हते आणि रात्तीनला जर्मन येत नव्हते. रात्तीनचे म्हणणे असे की, कर्णधार या नात्याने तो दुभाषा मागत होता. त्याला बाहेर काढण्याचे जे कारण त्या वेळी सांगितले गेले, ते ‘जिभेचा हिंसाचार’ अशा आशयाचे होते. ज्या जिभेची भाषा कळत नाही तिचा हिंसाचार पंचांना कळला कसा, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे, आणि तो भाषाशास्त्रीयदृष्ट्याही रास्त आहे. स्वर, मुद्रा आणि हातवारे यांवरून वक्त्याचा भाव ताडता येतो हे खरे. पण स्वराची पट्टी, दोघांमधील अंतर, हात उडविण्याची रीत या साऱ्या गोष्टी समाजागणिक बदलतात. एका बंदरावर जो नेहमीचा संभाषणाचा सूर, तो दुसऱ्या गावात भांडणाचा सूर ठरतो. मालवणचा माणूस पुण्यात बोलू लागला की श्रोत्यांच्या भुवया वर जातात, हे आपण पाहतोच. रात्तीन कित्येक मिनिटे मैदान सोडीना. हा हट्ट होता की आकलनाचा अभाव होता, याविषयी मते भिन्न आहेत. बहुधा दोन्ही असावे. या प्रसंगात पक्षपात होता असे सिद्ध करणारे काहीही आजवर पुढे आलेले नाही. मात्र पंच आणि खेळाडू यांच्यामध्ये समान संकेतव्यवस्था नव्हती हे उघड आहे, आणि ती नसली की ऐकणारा आपल्या मनातला अर्थ त्या रिकाम्या जागेत भरतो.

त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, दि. ३० जुलै रोजी, हीच गोष्ट पुन्हा घडली. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी २-२ अशा बरोबरीत असताना जादा वेळेत जेफ हर्स्टने मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटून खाली रेषेजवळ पडला आणि बाहेर उसळला. स्विस पंच गॉटफ्रीट डिन्स्ट यांनी रेषापंच तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे धाव घेतली. दोघांना जोडणारी भाषा नव्हती. बहरामोव्ह यांनी मान डोलावली; गोल झाला; इंग्लंडने सामना ४-२ असा जिंकला. जगाच्या क्रीडा-इतिहासातील सर्वाधिक चर्चिलेला होकार हा असा एका मानेच्या हालचालीत सामावलेला आहे. पुढे १९९६ मध्ये ऑक्सफर्ड येथील दोन संशोधकांनी त्या प्रसंगाच्या चित्रणावरून भूमितीच्या साहाय्याने मोजमाप केले आणि चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला नव्हता असा निष्कर्ष काढला. परंतु लोकांना चुकीवर समाधान नव्हते, हेतू हवा होता. बहरामोव्ह सोव्हिएत संघाचे, प्रतिस्पर्धी जर्मन, आणि महायुद्ध संपून जेमतेम एकवीस वर्षे झालेली. निर्णयाचे कारण विचारले असता त्यांनी ‘स्टालिनग्राड’ असा एकच शब्द उच्चारला, अशी दंतकथा पसरली. ती दंतकथाच आहे. पण तिची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. माणसाचे राष्ट्र हेच त्याच्या हेतूचा पुरावा म्हणून ती वापरते. त्यातही गंमत अशी की, इंग्लिश लोक ज्यांना आजही ‘रशियन रेषापंच’ म्हणतात ते बहरामोव्ह रशियन नव्हतेच. ते अझरबैजानचे होते आणि बाकू येथील एक क्रीडांगण त्यांच्या नावाने ओळखले जाते. आरोप करणाऱ्याला राष्ट्र हवे असते, पण ते अचूक असलेच पाहिजे असा त्याचा आग्रह नसतो. जर्मन भाषेने या प्रसंगातून एक शब्दच घडविला. दांडीवर आपटून रेषेपाशी पडलेल्या संशयास्पद गोलाला तेथे ‘वेम्बली-टोर’ म्हणतात. टोर म्हणजे गोल. एका पंचाचा निर्णय शब्दकोशात जाऊन बसावा, हे भाग्य विरळा!

या गोंधळाची एक फलश्रुती मात्र फार मोलाची ठरली. इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात आपल्याला ताकीद मिळाली होती हे इंग्लंडच्या खेळाडूंना दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून कळले, अशी हकीकत सांगितली जाते. त्या स्पर्धेत पंचांची व्यवस्था केन ॲस्टन यांच्याकडे होती. १९६२ मध्ये सान्तियागो येथे चिली आणि इटली यांच्या अत्यंत हिंसक सामन्यात ते स्वतः पंच होते. तेथे त्यांनी बाहेर काढलेला इटलीचा फेरीनी मैदान सोडीना, तेव्हा पोलिसांना बोलवावे लागले होते. तेव्हा न कळलेल्या आज्ञेचे परिणाम त्यांना अनुभवाने ठाऊक होते. लंडनच्या केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून मोटार हाकीत असताना वाहतुकीचे दिवे पाहून त्यांना कल्पना सुचली: पिवळा रंग सावधगिरीचा, तांबडा थांबण्याचा. १९७० च्या मेक्सिकोमधील स्पर्धेत ही कार्डे प्रथम आली. त्या स्पर्धेत तांबडे कार्ड कोणालाच दाखवावे लागले नाही. सोस्यूरप्रणीत चिन्हविचार शिकविताना या दोन कार्डांसारखे सुटसुटीत उदाहरण मिळणे कठीण आहे. चिन्हे दोनच, त्यांचे मूल्य परस्परविरोधाने ठरलेले, आणि कोणत्याही भाषकाला तत्काळ उमगणारी. तथापि कार्ड ‘काय’ ते सांगते, ‘का’ ते सांगत नाही. निर्णय कळला, कारण अज्ञातच राहिले.

पुढील काही प्रसंग येथे झरझर पाहिले तरी पुरेत. १९८६ मध्ये मेक्सिको नगरीत माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल ट्यूनिशियाचे पंच अली बेन्नासूर यांना दिसला नाही. बल्गेरियाचे रेषापंच बोग्दान दोचेव्ह यांच्याकडून खूण आली नाही, आणि पुढे दोघांनी एकमेकांकडे बोट दाखविले. २००९ मध्ये पॅरिसजवळ सेंट-देनी येथे फ्रान्सच्या तिएरी आँरीने चेंडू हाताने सावरून गालासला दिला, त्याच्या गोलामुळे आयर्लंड विश्वचषकाबाहेर राहिले; पंच होते स्वीडनचे मार्टिन हान्सन. आयर्लंडच्या संघटनेला फिफाने ५० लक्ष युरो दिले होते, हे २०१५ मध्ये उघड झाले. या दोन्ही ठिकाणी अन्याय झाला याविषयी शंका नाही. पण न दिसणे म्हणजे पक्षपात नव्हे.

२००२ चे प्रकरण अधिक अवघड आहे. यजमान दक्षिण कोरियाविरुद्ध देजॉन येथे इटलीचा आणि ग्वांग्जू येथे स्पेनचा पराभव झाला. पहिल्या सामन्यात इक्वेडोरचे पंच बायरन मोरेनो यांनी जादा वेळेत तोत्तीला दुसरे पिवळे कार्ड दाखवून बाहेर काढले. दुसऱ्यात इजिप्तचे पंच गमाल अल-घन्दूर यांच्या अमलात स्पेनचे गोल अमान्य झाले. येथे लागोपाठ घडलेले निर्णय एकाच बाजूला पडले, म्हणून आरोपाला वजन आले. त्याच वर्षी मोरेनो यांच्यावर मायदेशी एका सामन्यात वेळ अवाजवी वाढविल्याबद्दल बंदी आली, आणि २०१० मध्ये अमली पदार्थांसह त्यांना न्यूयॉर्क येथे अटक झाली. इटलीतील पुष्कळांना यात जुन्या आरोपाचा पुरावा दिसला. परंतु उत्तरकालीन चारित्र्यावरून पूर्वीच्या एका निर्णयाचा हेतू ठरविणे हे तर्काला धरून नाही. त्याने संशय बळावतो, सिद्धी होत नाही. दोन सामन्यांचा नमुनाही फार तोकडा आहे.

मग पक्षपात कधी दाखविता येतो? पुष्कळ निर्णय एकत्र तोलले म्हणजे. येथे संशोधन उपलब्ध आहे आणि त्याचे निष्कर्ष आरोप करणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा निराळे आहेत. २००२ मध्ये नेव्हिल, बामर आणि विल्यम्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्या सामन्यातील ४७ झटापटी चित्रफितीवर दाखविल्या. काहींना प्रेक्षकांच्या गोंगाटासह, काहींना मूकपणे. गोंगाट ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध १५.५ टक्के कमी फाउल दिले. गारिकानो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये स्पेनच्या लीगविषयी दाखविले की, यजमान संघ एका गोलाने मागे असला तर पंच जादा वेळ अधिक देतात, पुढे असला तर कमी. म्हणजे पंचाचा कल असतो. पण तो लाच वा राष्ट्र यांच्यामुळेच असतो असे नव्हे. त्याच्या कानावर आदळणाऱ्या हजारो कंठांचाही त्यात वाटा असतो, आणि त्याची त्याला स्वतःला जाणीव नसावी.

कल प्रेक्षकांचाही असतो. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांत अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा एक दांडगाईचा सामना झाला. त्याचे चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवून हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल यांनी १९५४ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्यांच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रफीत एकच होती. दोहाची चित्रफीत पाहताना आपण कोणत्या बाकावर बसलो होतो, हे विसरून चालणार नाही. चेंडूविषयी आपण बरोबर होतो. पंचाच्या मनाविषयी आपल्याला त्या चित्रफितीतून काहीच कळले नव्हते.

यंत्राने हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटले, आणि काही अंशी तो सुटलाही. २०१० मध्ये ब्लूमफाँटेन येथे जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पर्डने मारलेला चेंडू दांडीखालून रेषेच्या बराच आत पडला, तरी उरुग्वेचे पंच लारिओंदा यांनी गोल दिला नाही. (जर्मन वृत्तपत्रांना वेम्बली आठवले नसते तरच नवल.) २०१२ मध्ये नियम-मंडळाने गोलरेषा-यंत्रणेला मान्यता दिली आणि २०१४ च्या विश्वचषकात ती वापरली गेली. चेंडू रेषेपार गेला की नाही हा निखळ मोजमापाचा प्रश्न आहे. जेथे ती यंत्रणा आहे तेथे हा वाद जवळजवळ संपला आहे. ती जेथे पोहोचली नाही तेथे काय होते, हे आपण पाहिलेच.

परंतु २०१८ मध्ये चित्रफीत-साहाय्यक पंच नियमांत आले, तेव्हा एक नवीच गोष्ट उघडकीस आली. वाद डोळ्यांवरून शब्दांवर सरकला. साहाय्यक पंचाने केव्हा हस्तक्षेप करावा? नियम म्हणतो, ‘स्पष्ट आणि उघड चूक’ झाली असेल तर. इंग्रजी कायद्याच्या भाषेला अशा जोडशब्दांची हौस आहे. पण जी चूक हुडकण्यास मंद गतीची चित्रफीत अनेक मिनिटे पाहावी लागते, ती ‘उघड’ कशी? त्याच वर्षी मॉस्को येथील अंतिम सामन्यात फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ अशा बरोबरीत असताना पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी पडद्यापाशी जाऊन चित्रण पाहिले, ते परत फिरले, पुन्हा पाहिले, आणि मग पेनल्टी दिली. हात लागला हे सर्वांना दिसत होते. तेव्हाच्या नियमाचा शब्द होता ‘हेतुपुरस्सर’. कोणताही कॅमेरा हेतूचे चित्र घेत नाही.

नियमकर्त्यांना हे कळले असावे. २०१९ मध्ये त्यांनी हाताच्या नियमाची फेररचना केली. हेतूचा शब्द पूर्ण काढला नाही, पण त्याच्या शेजारी हाताने शरीराचा आकार ‘अस्वाभाविकपणे मोठा’ करणे ही कसोटी आणून बसविली. हेतूसारख्या आंतरिक गोष्टीऐवजी दृश्य आकृती घ्यावी, हा विचार चांगला. पण ‘अस्वाभाविक’ म्हणजे कोणाच्या स्वभावाला सोडून? धावणाऱ्याचा हात एका रीतीने हलतो, उडी मारणाऱ्याचा दुसऱ्या, पडणाऱ्याचा तिसऱ्या. २०२१ मध्ये आणखी स्पष्टीकरण द्यावे लागले: हाताची स्थिती त्या प्रसंगातील हालचालीने समर्थनीय ठरते की नाही ते पंचाने पाहावे. म्हणजे फिरून प्रश्न पंचाच्या मताकडेच आला. शब्दाची व्याख्या शब्दांनीच करावी लागते, त्यामुळे कोठेतरी कोणाला तरी ‘हे त्यात बसते’ असे म्हणावेच लागते. हे म्हणणारा माणूस नियमांतून वगळता येत नाही, आणि म्हणून त्याच्यावरचा आरोपही वगळता येत नाही.

अलीकडचा एक बदल या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. २०२३ च्या महिला विश्वचषक स्पर्धेत चित्रफीत पाहून झाल्यावर पंचाने आपला निर्णय ध्वनिवर्धकावरून साऱ्या क्रीडांगणाला सांगावा अशी योजना झाली. शिटी, हात आणि कार्ड यांवर शतकाहून अधिक काळ चाललेल्या व्यवहारात पंचाला जाहीरपणे वाक्य उच्चारावे लागले. ऑकलंड येथील पहिल्याच सामन्यात, न्यूझीलंड आणि नॉर्वे यांच्यामध्ये, ते वाक्य जपानच्या योशिमी यामाशिता यांनी उच्चारले. वाक्य छोटे, साचेबंद होते: तपासणी झाली, चेंडू हाताला लागला आहे, निर्णय पेनल्टी. ते इंग्रजीत होते, म्हणजे उच्चारणारीच्या मातृभाषेत नव्हते, आणि ऐकणाऱ्या नॉर्वेजियन खेळाडूंच्याही नव्हे. तरीही ते सर्वांना कळले. नॉर्वेच्या खेळाडूंनी मान्य केले की नाही हा निराळा प्रश्न. ती पेनल्टी दांडीवर आपटली आणि सामना न्यूझीलंडने १-० असाच जिंकला.